जावयाच्या पायाला हात लावायचा नाही

चहा जरा निवू द्या, आणि हसायचं असेल तर घोट गिळून मग हसा. मागे एकदा ही गोष्ट ऐकता ऐकता माझ्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता. धोतर त्याचं, पण धुवायला बायको माझी! म्हणून आधीच सांगून ठेवतो. गाढवपणे मी आयुष्यात पुष्कळ केले, पण हा असा, की गावाने अजून मला विसरू दिलेला नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नक्की साल विचारू नका, शाळेत गेलो असतो तर सांगितलं असतं. आमचं आंबेशेत म्हणजे कोन गावच्या रस्त्यापासून आत, पायवाटेचं गाव. मी निजामपुऱ्यात कापड विणायच्या लूमवर ड्युटीला जायचो. आणि गावात आमच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष होतो.

अध्यक्ष कसा झालो? खेळून? छे हो! लूमच्या शेठने नवं फर्निचर घेतलं तेव्हा जुनी हातांची खुर्ची मला दिली. गावात हात असलेली खुर्ची तेवढी एकच. सामन्याला पाहुणा आला की खुर्ची माझी न्यायची, मग मला कसं मागे ठेवणार? असा खुर्चीमागोमाग चालत चालत मी अध्यक्ष झालो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वज्रेश्वरीच्या जत्रेच्या दिवसांत तिकडे आसपासच्या गावांचे सामने व्हायचे. जिंकणाऱ्याला ढाल. पंचांचा नियम असा, की भाड्याचा खेळाडू चालायचा नाही. ज्या गावात माणसाची चूल, त्याच गावाकडून त्याने खेळायचं. आणि नुसतं तोंडी नाही हं! संशय आला तर पंच घरी येऊन चुलीतली राख चाचपून बघायचे. राख ऊन असली तर खेळाडू तुमचा.

त्यामुळे जत्रा संपली की पाऊस पडेपर्यंत गावोगाव एकच धंदा. कुणाची चूल कुठे हलवायची! कुणाला लूमवर चिकटवून आणा, कुणाला कसायला जमीन देऊन आणा. आणि सगळ्यात पक्की सोय म्हणजे घरजावई. पोरगी द्या, खोली द्या, खेळाडू घ्या.

त्या वर्षी आम्ही जत्रेत सपाटून हरलो. हरलो ते हरलो, वर गळती लागली. आमचा हिरू, पकडीला नुसता लोखंड, त्याला ठाण्याच्या एका कंपनीने नोकरी दिली. काम काय? कबड्डी! चांगोला त्याच्या सासऱ्याने म्हशींच्या तबेल्यात भागी दिली, त्याची चूल गेली कोनला. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली तेव्हा उरलेल्या पोरांकडे बघून मलाच कसंतरी झालं. एक नामा तेवढा बरा. डावा कोपरा सांभाळायचा, आणि सांगितलेलं ऐकायचा. फार ऐकायचा. हे लक्षात ठेवा.

"जनूदादा, आता कसं?" पोरं म्हणाली.

मी खुर्चीत होतो. खुर्चीत बसलं की माणूस बोलतो.

"पुढच्या जत्रेची ढाल आंबेशेतात आणीन," मी म्हणालो, "न्हाय आणली तर ही खुर्ची सोडीन!"

टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता.

आता ढाल कुठून आणायची? ज्याने आम्हाला लोळवलं त्यालाच आणायचं! टेकडीपलीकडच्या करंजपाड्याचा गजा. काय पाय होते हो त्याचे! चढाईला आला की वाटायचं ताडाच्या झाडाला वारं लागलंय. आणि लग्नाचा होता. माझी लेक शेवंतीही लग्नाची होती. सांगा, यात देवाचा हात दिसणार नाही तर काय दिसणार?

बायकोला म्हणालो, "स्थळ हाय."

"घराणं कसं?"

"चढाई चांगली हाय."

तिने कपाळावर हात मारला, पण चौकशी केली आणि स्थळ तिला पटलं. शेवंतीला विचारलं तर ती तवा घासता घासता म्हणाली, "त्यानं आपल्या हिरूला पाठीवर घेऊन रेघ गाठली, तवाच बघितलाय मी." एवढं बोलून तवा असा काही घासला, की उजेड पडला.

आम्ही करंजपाड्याला गेलो. गजाचा बाप भागोजी, शांत माणूस, तंबाखू मळत बसलेला. बायको विचारत होती, भात किती होतो, म्हशी किती. मी पोराचे घोटे बघत होतो.

"उजवा पाय आधी टाकता का डावा?" मी विचारलं.

"कशात?" भागोजी म्हणाला.

"म्हणजे... सासरी आल्यावर. उंबऱ्यावर."

बायकोने चिमटा घेतला. तरी माझ्याच्याने राहवेना. म्हणालो, "जावईबापू, जरा त्या गोठ्यापर्यंत पळून येता का?"

गजा बिचारा पळून आला! भागोजी तंबाखू तोंडात टाकून माझ्याकडे बघत राहिला. मग मी हळूच मुद्दा काढला, की आमच्याकडून निजामपुरा जवळ पडतो, लूमवर लावून देतो, शिफ्टचं सोयीचं, राहायला वेगळी खोली.

"बरं," भागोजी म्हणाला.

नुसतं बरं! ना घासाघीस, ना रुसवा. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी मनातल्या मनात ढाल कुठल्या भिंतीला टांगायची ते ठरवत होतो.

पाऊस पडायच्या आत लग्न लागलं. गजा आमच्याकडे आला, लेक-जावयाची वेगळी चूल पेटली. गाव मला येता-जाता रामराम घालू लागलं. आमच्या खात्यातला रहमतभाई, उत्तरेकडचा माणूस, माझ्या बाजूच्या लूमवर असायचा. त्याने विचारलं, "चाचा, दामाद लाए हो या खिलाड़ी?"

"दोनों," मी म्हणालो. काय तो माझा रुबाब!

पावसात मैदानात गुडघाभर पाणी, म्हणून सराव भातगिरणीच्या तुसाच्या शेडमध्ये. मऊ जागा, पडलं तरी लागायचं नाही, फक्त खाज सुटायची. आणि इथे, मंडळी, मी माझ्या हाताने धोंडा उचलून पायावर घातला.

पहिल्याच दिवशी गजा चढाईला आला आणि नामाने त्याचा घोटा असा धरला, की गजा तोंडावर पडला. नाकातोंडात तूस. माझ्या काळजाचं पाणी झालं! एक तर घोटा दुखावला तर जत्रा गेली. दुसरं, नवा जावई रुसून करंजपाड्याला निघून गेला तर? मी शेडमध्ये घुसलो.

"नाम्या! आरं जावई हाय तो गावचा! वर्ष न्हाय झालं लग्नाला आणि तंगडी धरतोस?"

"मंग काय धरू, दादा? कबड्डीत दुसरं काय धरतात?"

"त्याच्या पायाला हात लावायचा तो नमस्कारासाठी. चुकून लागला, तर सोडायचा आणि पाया पडायचं. कळलं?"

"कळलं, दादा."

सांगितलं ना तुम्हाला, नामा फार ऐकायचा. सगळा पावसाळा तो तुसात बसून तेच करत राहिला. गजाचा घोटा हाताशी आला, की सोडायचा आणि हात जोडायचे. नामाचं बघून बाकीची पोरंही तशीच. गजा गालातल्या गालात हसत सगळ्यांना बाद करून परत जायचा. मी बाहेर खुर्चीत बसून म्हणायचो, वा! काय चढाई! कुणाला सापडतच नाही!

संक्रांतीपर्यंत सगळं गोड चाललं होतं. हळदीकुंकवाला शेवंती गेली, तिथे कुणीतरी बाई बोलली, "घरजावयाची बायको आली गं." झालं! पोरगी घरी आली ती तोंड फुगवून. सकाळी बघतो तर तवा, परात, पातेली गाठोड्यात, गाठोडं तिच्या डोक्यावर आणि मागून गजा.

मी बांधापर्यंत धावलो. "पोरी, जत्रेपर्यंत तरी थांब गं!"

ती वळली. "बाबा, तुम्ही मला नांदायला दिलंत का खेळायला?"

मी बांधावरून बाजूला झालो. गजाने वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. टेकडीवर त्याचे लांब पाय दिसेनासे होईपर्यंत मी उभा राहिलो.

तरी आशा सुटते का? चूल तपासायला पंच येणार कळल्यावर मी त्या रिकाम्या खोलीतली चूल पेटवून वर पातेलं ठेवलं. पंचांनी राख चाचपली, मान डोलावली, आणि जाता जाता पातेल्यावरचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं.

"जनूदादा," पंच म्हणाले, "जावई एवढंच जेवतो?"

गजा करंजपाड्याकडून खेळायला उतरला. आणि शेवटचा सामना कुणाचा पडावा? आमचा आणि त्यांचा! पुढचं सगळं गर्दीसमोर झालं. रहमतभाई मुद्दाम सुट्टी घेऊन आला होता. मी मैदानाकाठी खुर्चीत. समोर बायकांच्या बाजूला शेवंती बसलेली, करंजपाड्याच्या बायकांत. तिला शेजारच्या बाईने काही विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून हसली. आणि माझी बायको? ती लेकीच्या शेजारी!

गजा चढाईला आला. आमची पोरं जी आखडली! एकाने कंबर धरायला हात घातला आणि मध्येच मागे घेतला, जसा तापल्या तव्याचा चटका बसावा. दुसरा तर बाजूला सरकून त्याला वाट देत होता, घरात पाहुणा आल्यासारखी. आणि गजा? तो आमच्या पोरांना धरायला अजिबात लाजत नव्हता. खुशाल मेहुण्यांना उचलून आपटत होता.

तरी आमची पोरं जिद्दीची, गुण बरोबरीत आणले. शेवटची चढाई उरली. गजाची. धरला तर ढाल आमची. मी उभा राहिलो. गजा डाव्या कोपऱ्यात शिरला, पाय लांब टाकला, आणि नामाने झेप घालून घोटा धरला! काय पकड! गजा आडवा! रेघ हातभर लांब! सगळं आंबेशेत उठून नाचायला लागलं.

मला काय झालं काय माहीत, मी ओरडलो, "सोडू नको नाम्या! मोड तंगडी!"

समोरून बायकोचा आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा, "अहो! पोरीचं कुंकू हाय ते!"

नाचणारं आंबेशेत जागच्या जागी थांबलं. नामाने वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग हातातल्या पायाकडे. आणि गजा तशा अवस्थेत, दम न सोडता, "कबड्डी कबड्डी" म्हणत त्याच्याकडे बघून गोड हसला.

नामाने पाय सोडला. हात जोडले. पायावर डोकं टेकवलं.

गजा सरपटत गेला आणि रेघेला शिवला.

गर्दीतून रहमतभाई ओरडला, "चाचा! ये कबड्डी है या पाँव-पूजा?"

ढाल करंजपाड्याला गेली. मी नामाला बोललो हो, खूप बोललो. तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, तुम्हीच शिकवलंत." भागोजी भेटायला आला, तंबाखूची चिमूट पुढे केली आणि म्हणाला, "व्याही, पावसाळाभर पोराला जेवू घातलंत, आणि तुमच्या पोरांना पाया पडायला लावलंत. एवढं कोण करतं हो?"

आता राहिली खुर्ची. सोडीन म्हणालो होतो ना? पण बोलल्याबरोबर सोडायची असते का? मी म्हणालो, पंचांनी घाई केली. म्हणालो, जत्रा देवीची, खुर्ची मंडळाची, दोन्ही वेगळं. गावही फार बोललं नाही.

पण जत्रेमागोमाग त्या वर्षी धोंड्याचा महिना लागला. अधिक महिना म्हणजे जावयाला जेवायला बोलवायचं, मान करायचा, मागेल ते द्यायचं. लेक-जावई आले. बायकोने पाट मांडला, पुरणाचे धोंडे केले. गजा पाटावर बसला, पण घास उचलेना.

"काय पायजे, जावईबापू?" मी विचारलं. "लाजू नका. मागा."

गजा लाजला. शेवंतीकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा की."

"मामा," गजा म्हणाला, "ढाल आली आमच्याकडं. आता सत्काराला मोठी माणसं येणार. आणि आमच्या मंडळाला खुर्ची न्हाय."

बायको माझ्याकडे बघत होती, शेवंती माझ्याकडे बघत होती. धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणता येतं? सांगा मला!

ती खुर्ची मी स्वतः डोक्यावर घेऊन टेकडी चढून करंजपाड्याला पोचवली. भागोजीने मला तिच्यात बसवून चहाही पाजला. मग कप घेतला, आणि खुर्चीही.

पाऊस पडायच्या आत ओट्यावर नेहमीसारखी बैठक बसली. या वर्षी कोण आलं, कोण गेलं, याची. येणारं कुणी नव्हतंच. नामा मोजत होता, "हिरू ठाण्याला गेला, चांगो कोनला गेला, गजा त्याच्या घरी गेला..."

मागून कुणीतरी विचारलं, "आणि अध्यक्ष?"

"अध्यक्ष," नामा म्हणाला, "करंजपाड्याला दिला."

मी तिथेच होतो हो, नामाच्या शेजारी, जमिनीवर बसलेला. पण एकाचीही मान माझ्याकडे वळली नाही.