मॅनेजरबाईंचा सत्कार

आमच्या मॅनेजरबाई नसत्या, तर धाराशिव जिल्ह्यात मधुमेहावर संशोधन झालंच नसतं; नुसता मधुमेह झाला असता. प्रकल्पात मी धरून आम्ही डॉक्टर मंडळी आपापल्या परीनं हुशार होतो. पण गावोगावच्या माणसांना दरवर्षी न चुकता तपासणीला आणायचं, त्यांचं रक्त प्रयोगशाळेत धड पोचवायचं आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांकडून वेळेत अहवाल लिहून घ्यायचे, हे आमच्यापैकी कुणाच्याच बापाला जमलं नसतं. बाईंना जमायचं, कारण संकोच नावाची गोष्ट त्यांच्या गावी नव्हती. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, म्हणून तामलवाडीत त्या उजाडताच एकेकाच्या दारात उभ्या राहत. "मामा, चहा घेतला का?" "न्हाय बाई, शपथ!" "मग मिशीला साय कशाची?" मामा मिशी पुसेपर्यंत बाई आत वळून मामींना बजावत, "उद्या परत येते. मी येईस्तोवर चूल पेटवायची न्हाय." आणि खरंच पेटत नसे. रक्ताच्या नळ्यांची बर्फाची पेटी त्या जीपमध्ये मांडीवर घेऊन बसत. खड्ड्यात गाडी आदळली की ड्रायव्हरवर ओरडत, "सावकाश! परंड्याची माणसं हायेत यात!"

अहवाल लांबवणाऱ्या मुख्य शास्त्रज्ञांना त्या फोन करतच नसत, त्यांच्या पत्नीला करत. तब्येतीची, लेकीसुनांची चौकशी करून शेवटी हळूच म्हणत, "साहेबांचं जेवण झालं की तेवढी अहवालाची आठवण करून द्या हं, वहिनी." पुढं पुढं अहवाल मुदतीच्या आधीच येऊ लागले. साहेबांना घरात शांतता हवी होती.

अशा बाईंचा 'उत्कृष्ट प्रकल्प व्यवस्थापक' म्हणून सत्कार करायचं संस्थेनं ठरवलं. "ज्यांनी रक्त दिलं त्यांना बोलवणार असाल तर येते," ही त्यांची अट. त्यामुळं धाराशिवचं सभागृह फेटे आणि पदरांनी भरून गेलं. भाषणं लांबत गेली. अखेर बाईंचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, संचालक शाल उघडून उभे राहिले आणि बाईंचा पत्ता नाही. मी शोधत मागं गेले, तर शेवटच्या रांगेत परंड्याच्या एका आजींना त्या साखरपाणी पाजत होत्या. आजी घामानं भिजल्या होत्या, हात थरथरत होते.

"बाई, तुमचं नाव पुकारलंय!"

"पुकारू द्या. भाषणं ऐकून आजीची साखर उतरली."

शेवटी संचालकच शाल घेऊन खाली आले. बाईंनी ती अंगावर घेतली न घेतली तोच आजींना पांघरली. सभागृह हसलं, आणि त्या हशातच संचालकांनी जाहीर केलं की बाईंना बढती देऊन पुण्याच्या मुख्य कार्यालयात नेत आहोत. आम्ही कडाडून टाळ्या वाजवल्या. बाईंना ही बातमी आमच्याबरोबरच कळत होती, हे त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिल्यावर लक्षात आलं. परतताना जीपमध्ये त्या म्हणाल्या, "शाबासकीच द्यायची होती, तर इथंच राहू द्यायचं की मला."

पण गेल्या. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ सज्जन आहेत. सगळ्यांना मोबाइलवर नम्र संदेश पाठवतात. लोक ते वाचतात आणि शेतावर जातात. भूमचं तपासणी केंद्र तर यंदा बंदच झालं.

परवा मी बाईंना फोन केला. नवं कार्यालय कसं आहे, विचारलं. "लई थंड. आणि सगळं आपापलं वेळेवर होतं. मला कुणावर ओरडायलाच मिळत न्हाय." हसल्या. मग म्हणाल्या, "आपला दरवर्षीचा हुरडा झाला का औंदा?"

"झाला की. तुम्हाला सवड नसेल, असं वाटलं आम्हाला."

"व्हय, त्या दिवशी नेमकी मीटिंगच होती," बाई म्हणाल्या.

हुरडा कोणत्या दिवशी होता, हे त्यांनी विचारलंच नाही.