अझेलियाला दिलेला ताण

मी डाळिंबवाला माणूस. पारनेरच्या माळावर तीस वर्षं डाळिंब केलं, त्यामुळे झाडाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही. ही माझी खोड. बायको म्हणते, खोड नव्हं, रोग हाय. असू दे.

आम्हाला एकच मुलगी. जावई लष्करात, सध्या शिलाँगला. तीन वर्षांपूर्वी ती संक्रांतीला आली तेव्हा हातभर उंचीचं एक झुडूप रेल्वेतून मांडीवर धरून घेऊन आली. "अण्णा, ही अझेलिया. तिकडे फाल्गुनात अंगणंच्या अंगणं गुलाबी होतात हिनं."

"आपल्याकडं जगायची न्हाई," मी म्हणालो. "माती चुनखडीची, बोअरचं पाणी क्षाराचं."

"म्हणून तर ड्रममध्ये लावतेय."

निळा ड्रम अर्धा कापून, तळाला भोकं पाडून, कुजलेला पालापाचोळा भरून तिनं ते झुडूप घराच्या पूर्वेला लावलं. तिथं फक्त सकाळचं ऊन. मग मला समोर उभं करून सांगितलं. हिची मुळं वरच्यावर पसरतात, तेव्हा खुरपं लावायचं नाही, वर वाळक्या पाल्याचं आच्छादन ठेवायचं. नवी लागवड आहे, पहिली दोन वर्षं माती कोरडी पडू द्यायची नाही, पण चिखलही नको. पाणी पावसाचं, साठवलेलं. आणि छाटायचं ते फुलं सरल्या सरल्या. ज्येष्ठ उलटला की कात्री लांब ठेवा, कारण पुढच्या फाल्गुनातल्या कळ्या ही पावसाळ्यातच धरते. मी मान हलवली. ऐकलं काहीच नाही.

खरं सांगायचं तर तिचं ऐकायची मला सवयच नव्हती. शेतकी कॉलेज करून आली तेव्हा बावीस वर्षांची होती. डाळिंबाच्या पानावरचा तेल्या रोगाचा डाग माझ्याआधी तिला दिसायचा. एकदा जेवताना म्हणाली, "अण्णा, बाग मला बघू द्या." मी हसलो. खरंच हसलो, घास तोंडात होता. म्हणालो, "मजुरांवर तू ओरडणार का? लोक मला काय म्हणतील?" वर्षाच्या आत लग्न लावून दिलं. ती भांडली नाही, रुसली नाही. ताट उचलून आत गेली, एवढंच आठवतं. ती गेल्यावर बागेत माझ्यापाठी पावलं वाजेनाशी झाली. मी अजूनही कधीमधी मागं वळून बोलतो आणि मागं कुणी नसतं.

तर त्या वर्षी श्रावणात तिचा फोन आला, दिवाळीला आठ दिवस येतेय. माझ्या मनानं घेतलं, की पोरगी अंगणात पाऊल टाकेल तेव्हा तिचं झाड फुललेलं पाहिजे. आता डाळिंबाचा बहार आम्ही म्हणू तेव्हा धरतो. पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडायचं. उपाशी झाड दचकून फुलतं. तीस वर्षं हेच केलं. मग अझेलिया काय आभाळातून पडलीय?

भाद्रपदात मी ड्रमवर प्लॅस्टिकचा कागद ताणला, पाऊस लागू नये म्हणून. पाणी बंद केलं. बायको म्हणाली, "अहो, पोरगी काय सांगून गेली हुती?"

"तू गप. झाड ते झाड."

"करा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

पानं तपकिरी होऊन गळली. मी खूश. चांगली धारेची कात्री घेऊन शेंडे छाटले आणि पाणी सोडलं. डाळिंब असतं तर महिन्यात लालभडक झालं असतं. इथं काड्या तशाच राहिल्या. रोज सकाळी उठून बघायचो, आणि दिवाळी जवळ येत चालली तसा दुपारीही एक फेरी मारायचो.

ती आली. बॅग ओट्यावर ठेवली आणि पहिली ड्रमाकडं गेली. छाटलेली टोकं एकेक करून बघितली. मी डाळिंबाचं गणित सांगत होतो, बहार, ताण, सगळं. ती म्हणाली, "अण्णा, कळ्या त्या शेंड्यांतच होत्या." मग नखानं साल खरवडली, आत हिरवं होतं. "जीव आहे."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी म्हणालो, "आता काय करू, ते तू सांग." तिनं मान वर करून माझ्याकडं असं बघितलं, की मला नजर वळवावी लागली. मी तिला काही विचारण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ होती.

पुढं दर रविवारी फोनवर ती सांगायची आणि मी करायचो. खत नको म्हणाली, नाही घातलं. उन्हाळ्यात ड्रमला पोत्याचं कापड गुंडाळा म्हणाली, गुंडाळलं. पावसाचं पाणी टाक्यांत धरलं. त्या फाल्गुनात एक फूल आलं नाही. येणारच नव्हतं. वैशाखात कोवळी पालवी फुटली. पावसाळ्यात शेंड्यांना बारीक, टोकदार कळ्या दिसल्या तेव्हा बायकोला ओरडून बाहेर बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "कात्री कुठंय तुमची? द्या हिकडं." मला हसूही आलं. कळ्या हिवाळाभर तशाच मिटून राहिल्या, आणि मी एकाही फांदीला हात लावला नाही.

फाल्गुनात फुलली. अशी गुलाबी, की पानं दिसेनात. मी व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल ड्रमाभोवती फिरवला. ती बघत राहिली, नुसती हसत. मला राहवलं नाही. म्हणालो, "पोरी, बाग बघशील का? सगळी. तू म्हणशील तसं." हे वाक्य चौदा वर्षं उशिरा निघालं तोंडातून.

तिनं मागं वळून घरात बघितलं. मग म्हणाली, "अण्णा, आता लेकीची शाळा आहे हो इकडे."

आवाजात जरासुद्धा राग नव्हता. असता तर समजूत तरी काढली असती.