न दिलेलं मांजर

जुबैदाआपा गेल्याचा फोन बहरीनमधल्या रिफाहून आला तेव्हा दफन उरकलं होतं. पुढच्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली आणि अध्यक्षांनी आपांना ‘मुक्या प्राण्यांची माउली’ म्हटलं. हेच गृहस्थ त्या हयात असताना त्यांना ‘मांजरवाली’ म्हणत. मेलेल्यांना बढती देण्यात मंडळाचा हात सढळ आहे.

आपा मूळच्या रत्नागिरीच्या. नवऱ्याचं इथे मनामात कापडाचं दुकान. मार खाऊन घर सोडणाऱ्या बायकांची जनावरं त्या सांभाळत. सुरुवात झाली शालिनीपासून. शालिनी आमच्याच इमारतीत राहायची. तिचा नवरा मंडळाचा सचिव. तो तिला मारतो हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवून त्याची दखल घेतली होती. तरी ती निघत नव्हती, ती मांजरापायी. एकदा तिने माहेरचं नाव काढलं, तेव्हा त्याने मांजर बाल्कनीच्या कठड्याबाहेर धरलं होतं... अखेर आपांनी एका सकाळी मांजर टोपलीत घालून रिफाला आपल्या घरी नेलं. मगच शालिनी भावाने पाठवलेल्या तिकिटावर सांगलीला गेली.

लगोलग मंडळ आपांच्या दारात हजर झालं. मीही तिथे होतो.

“आपा, मांजर सचिवांचं आहे. कायद्याने ती वस्तू आहे,” अध्यक्ष म्हणाले. मारहाणीच्या घरातल्या जनावराला संरक्षण देणारं एखादं कलम आहे का, असं आपांनी आधीच वकिलाला विचारलं होतं. तो हसला होता.

“वस्तू काय? मग बाजारातून दुसरी आणा. हीच कशाला?”

सचिव भडकला. “तुम्ही मांजर द्या हो, बायको आपोआप येईल!”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” आपा म्हणाल्या. “आता चहा घ्या. मांजर मिळणार नाही. खलास.”

सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांनी चहाही घेतला. उतरताना जिन्यात अध्यक्ष म्हणाले, “मांजरासाठी कोणी संसार मोडतं का?” पुढच्या निवडणुकीत सचिव बिनविरोध आला...

मांजर आपांकडेच म्हातारं झालं. पुढे पोपट आले, ससे आले, एक लंगडा कुत्राही. कोणा बाईचा फोन आला की आपा आधी विचारत, “घरात आणखी कोण जेवतं?” बाई मुलांची नावं सांगायची. “ती झाली. आणखी?”

परवा त्यांच्या घरी बसलो होतो. फोन वाजला. त्यांची मुलगी एरवी मराठीला इंग्रजीतच उत्तर देते. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग अडखळत म्हणाली,

“घरात... आणखी कोण जेवतं?”