टाकाऊ ठरलेल्या तुराट्या

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मादन हिप्परग्याच्या शिवारात तूर कापणाऱ्या बायकांना मजुरीखेरीज तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे, भारे मिळत. ते कोणी मागत नसे, कोणी उपकार म्हणून देत नसे. धनगराच्या मंगलची चूल वर्षभर त्यांवर पेटे. मग २००८ साली तालुक्यात काडीकचऱ्यापासून वीज करणारा कारखाना मंजूर झाला आणि तिच्या पायाला भिंगरी लागली.

कर्ज देणार होती सरकारी विकास बँक. हवामान वाचवण्यासाठी वेगळा काढलेला, स्वस्त व्याजाचा पैसा. पाहणीला बंगळूरहून आलेले अधिकारी उतरले ते सत्ताधारी पक्षाचे तालुकाध्यक्ष भगवानराव यांच्या गाडीतून. बँक कोणाची, हे गावाला तेव्हाच कळले.

भगवानरावांनी आपल्या शेतात उभे राहून सांगितले, की तुराट्या इथे टाकाऊ असतात. शेतकरी त्या बांधावर पेटवतो, तो धूर आता वाचेल. मंगल डोक्यावर भारा घेऊन ऐकत होती.

"कामून थांबलीस गं?" भगवानराव म्हणाले. "पाव्हण्यांच्या चहाचं बघ की."

"बघते की अण्णा. ह्या टाकाऊवरच उकळायलाय चहा."

अधिकारी हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला कानडीतून समजावले, "जागा वरच ठरली आहे, अक्का. ती योग्य कशी, एवढंच आम्ही लिहितो."

कारखाना उभा राहिला. तुराट्यांना भाव आला आणि भगवानरावांनी भारे बंद केले. भारा नाही तर विळा नाही, असे मंगलने घरोघर फिरून बायकांकडून वदवून घेतले. शेंगा तडकू लागल्या. बोलावणे येईल म्हणून ती रोज वेशीपर्यंत जाऊन येई.

आला तो टेंपो, जहिराबादकडच्या मजुरांचा. त्यांच्यातल्या अक्कम्माला तिने विनवले, तुम्ही तरी भारे मागा.

"टेंपोत माणसंच मावंनात," अक्कम्मा म्हणाली. "तुराट्या कुठं नेऊ?"

तिचेही खरेच होते. बँकेने आभाळातला धूर मोजला. चुलीसाठी दाद मागण्याची सोय जनतेच्याच पैशावर चालणाऱ्या या संस्थेत नव्हती. गावाने अर्ज केला. उत्तर आले, की वीजनिर्मिती समाधानकारक आहे.

मंगलने स्वयंपाकघराच्या भिंतीचा तुराट्यांचा कूड सोडवून त्यावर भाकरी भाजायला सुरुवात केली. एक बाजू उघडी पडली, वारा थेट चुलीत शिरू लागला. तेव्हा ती विळा घेऊन भगवानरावांच्या शेतात, अक्कम्माशेजारच्या ओळीत जाऊन बसली. मजुरी फक्त रोख होती.