माळवस्ती स्टेशनच्या अमिनाचाची

अमिनाचाचींची आणि माझी पहिली भेट माळवस्ती स्टेशनवर झाली. शाळेत रुजू होण्यासाठी मी दौंडहून पॅसेंजरने उतरलो, तोच फलाटावरच्या चहाच्या टपरीतून प्रश्न आला, "गुरुजी, जेवून आलाय का तसंच?" उत्तराची वाट न बघता त्यांनी भाकरी पुढे केली. त्या चाची आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

आमचे स्टेशन इंग्रजांच्या अमदानीतले. वाफेच्या इंजिनात पाणी भरण्यासाठी ते बांधले आणि त्याच्या आधाराने मेंढरे राखणारी कुटुंबे इथे स्थिरावली. स्टेशन आधीचे, गाव नंतरचे. पुढे पाण्याची गरज संपली, मग पॅसेंजरचा थांबा गेला आणि तिकिटाच्या खिडकीला कुलूप लागले. चाचींनी टपरी हलवली नाही. गिऱ्हाईक कुठून येणार, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "तुम्ही आलाच की."

सासरी निघालेली लेक पूर्वी इथूनच गाडीत बसायची आणि चाची तिची ओटी भरायच्या. थांबा गेल्यावर पाठवणी जीपने होऊ लागली. चाचींनी पहिलीच जीप हट्टाने स्टेशनकडे वळवायला लावली. तेव्हापासून या गावची लेक फलाटावरच्या बाकावर बसून ओटी घेते, घोटभर चहा पिते आणि मगच सासरी जाते. माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही, परगावचे म्हणून, सरळ हमरस्त्याला निघालो होतो. चाची जीपला आडव्या आल्या. "गुरुजी, लेक आमच्या गावची हाय. तुमाला इचारलंय कुणी?" त्या दिवशी मी रडलो, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात स्टेशनची इमारत पाडायला रेल्वेच्या ठेकेदाराचा जेसीबी आला. चाचींनी आदल्याच दिवशी लेकींना फोन लावले होते. वरवंडहून, भांडगावहून, पार शिरूरकडच्या निमोण्याहून लेकी आल्या आणि पोराबाळांसकट फलाटभर बसल्या. ठेकेदाराचा माणूस वैतागला. "तुमचा लीडर कोण हाय?"

चाची कपबशा विसळत होत्या. "लीडर कुणी न्हाई. समद्या पॅसेंजर हायेत. गाडीची वाट बघत्यात."

"आवो, हितं गाडी थांबत न्हाई."

"मंग बसावं लागंल लई येळ."

संध्याकाळी जेसीबी माघारी गेला.

पाडण्याचा हुकूम मात्र अजून कायम आहे. कशाला नादी लागता, असे शहाणी माणसे आम्हाला समजावतात. ज्याच्यामुळे गाव वसले, ते स्टेशन भंगार ठरवायचा अधिकार आम्ही कुणालाही दिलेला नाही. चाचींच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथसुद्धा त्याच फलाटावर प्रकाशित होईल. परवानगी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

चाची, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघ्यांना तेल लावत जा, गोळ्या चुकवू नका. तुळशीचे लग्न झाले की गावात लगीनसराई आहे आणि ओट्या तुम्हालाच भरायच्या आहेत. जेसीबी यायचा तेव्हा येऊ दे. तुम्ही पाठवणी केलेल्या लेकींच्या मुली आता लग्नाला आल्या आहेत, आणि फलाटावर अजून पुष्कळ जागा आहे.