खोळीला धरलेली गाठ

गडचांदूरच्या बाजारात कय्यूम पिंजाऱ्याचं घर विचारलं, की लोक आधी स्वतःच्या मानेला हात लावायचे आणि मग रस्ता दाखवायचे. कय्यूमभाऊच्या मानेवर, केसांच्या खाली, लिंबाएवढी गाठ होती. आजकालची नव्हे, लग्नाच्याही आधीची. बोटाखाली मऊ लागायची, इकडून तिकडे सरकायची. "गादी भरता भरता थोडी रुई मानेतच राह्यली का जी, भाऊ?" असं कोणी चिडवलं, की तोही हसायचा. "खास तुह्यासाठी ठेवली," म्हणायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा ती दाबून पाहिली होती. चरबीची आहे, मऊ आहे, सरकते, वर्षानुवर्षं तेवढीच आहे, तेव्हा राहू द्या, असं ते म्हणाले होते. एवढ्या बोलण्यातून कय्यूमने शेवटच्या 'राहू द्या'चीच खूणगाठ बांधली.

म्हणून दुसरी गाठ आली तेव्हा माणूस ढिम्म! ही उजव्या दंडात होती, खोलवर. होळीच्या सुमारास बोराएवढी लागली, पोळ्यापर्यंत लिंबाएवढी झाली. "मानेवरल्या गाठीची बहीण आली," असं त्याने जाहीर करून टाकलं.

बायको जाहिदा त्याच्या शेजारी बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. तिला काही ते पटेना.

"अजी, दाखवा ना कोनाले तरी. वाढून राह्यली ते."

"दुखते का? नाई ना? मंग काऊन डोकं खाते?"

आणि वर पिंजाऱ्याची अक्कल! रुईचा गोळा हट्टी निघाला, की तो चोळून चोळून मोकळा करायचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं. तोच इलाज त्याने दंडावर चालवला. रोज सकाळी कोमट तेल घेऊन अंगठ्याने गाठ रगडत बसायचा. अरे बाबा, रुई आणि मांस एक असतं का? पण सांगणार कोण त्याला?

खरं सांगायचं तर तो मनातून घाबरला होता. रुई पिंजायच्या धनुकलीची, म्हणजे पिंजणाची, तात वाजायची ती त्या उजव्या हाताने. दवाखान्यात गेलं आणि त्यांनी हातच कापला, तर खायचं काय? न जाता गाठीला बहीण म्हणत राहणं सोपं होतं. रात्री कूस बदलताना दंड टोचायला लागला, तरी तो जाहिदाला काही बोलला नाही.

दिवाळीच्या तोंडावर जवळच्या खेड्यातली रुखमाबाई गादी घेऊन आली. पावसाळ्यात घर गळलं होतं, गादीत गाठी झाल्या होत्या. सण जवळ आला म्हणून बाईला घाई.

"उसवू नको, भाऊ. वरूनच दोन टाके मारून दे. गाठी काय, असतेतच गादीत."

कय्यूमने गादीवरून तळहात फिरवला. एका जागी थांबला, दाबलं, हलवून पाहिलं.

"बाई, ह्या बाकीच्या पाहा, हाताखाली सरकून राह्यल्या. ह्यायची फिकीर नाई, राहू द्या. पन ही सरकत नाई. हिनं खोळ धरली. म्हंजे आत ओल शिरली, ते पसरून राह्यली. आजच उसवा लागते, नाई तर सारी गादी जाईन."

दोरा ओवता ओवता जाहिदा थांबली. हातातली दाभण तिने खाली ठेवली, उठली, आणि परक्या बाईसमोरच नवऱ्याचा दंड धरला. दाबला. हलवून पाहिला. गाठ जागची हलली नाही.

"मंग हे? ही सरकते का? सांगा ना! रुखमाबाईले सांगता, मले सांगा!"

कय्यूमने संध्याकाळपर्यंत खाली मान घालून ती गादी उसवली, ओली रुई काढून टाकली, नवी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं चंद्रपूरला गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मानेवरची गाठ चाचपली आणि सोडून दिली. दंडावर मात्र त्यांची बोटं थांबली. सुई टाकून तपासणी झाली. कॅन्सर निघाला.

"आधी दुखत नव्हती, बाई," कय्यूम पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.

"बऱ्याचदा नाहीच दुखत, भाऊ. दुखायची वाट पाहायची नसते. नवी गाठ आली, वाढत चालली, कडक लागते, जागची हलत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी दाखवायला यायचं. आणि ती रगडायची तर मुळीच नाही."

ऑपरेशन नागपूरला झालं, मग बरेच दिवस मशीनच्या किरणांचा शेक. हात वाचला, पण दंडातलं मांस गेलं. बोराएवढी असताना आला असता तर एवढं काढावं लागलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आता त्या हाताने त्याला दाभण चालवता येते, चहाचा कप धरता येतो. पिंजण उचलवत नाही. ते जाहिदाने उचललं. पहिल्या दिवशी तिच्या हातून तात भलतीच बेसूर वाजली, आणि तो भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला.

पुढच्या दिवाळीला रुखमाबाई उशा घेऊन आली. कापसाच्या धुरळ्यात जाहिदा पिंजत होती, कय्यूम टाके घालत होता. बाईची नजर त्याच्या मानेवर गेली.

"भाऊ, ही काऊन नाई काढली?"

"हे सरकते ना, बाई." त्याने बोटाने ती सरकवून दाखवली. मग टाका अर्धाच सोडून तो जाहिदाच्या हाताकडे पाहत राहिला. "तुमची गादी मी एक रात सुदा ओली ठेवली नाई. माह्या अंगातली मात्र होळीपासून दिवाळीपर्यंत ठेवली."