ओल्या खळ्यावर गोल्फ

ह्यांना हृदयाचा झटका आला तो दिवाळीनंतर. संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, "आता चाला. रोज चाला." मधल्या काळात हे पलंग आणि खुर्ची एवढ्याच जागेत राहायला शिकले होते. बाहेर पाठवलं तर फाटकापर्यंत जायचे, मनगटावर बोट ठेवून उभे राहायचे आणि परत फिरायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "हृदय सावरलंय, पण भीती बसली आहे. हे असेच बसून राहिले तर मात्र मी काही खात्री देत नाही."

मला यादी केल्याशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. "ह्यांना चालतं करणे" हे काम त्या दिवशी यादीत सगळ्यात वर गेलं.

अडचण अशी होती, की कामाशिवाय चालणारी माणसं ह्यांना रिकामटेकडी वाटायची. अपवाद फक्त गोल्फचा. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती, आम्ही एका छावणीच्या गावात राहायचो आणि हे लष्कराच्या हिशेब खात्यात होते. रविवारी सकाळी तिथल्या मैदानावर ह्यांना खेळायला मिळायचं. बदली होऊन गेलेल्या एका मेजरसाहेबांनी आपल्या पाच जुन्या काठ्या ह्यांना दिल्या होत्या. खेळ बेताचाच, निम्मे चेंडू झुडपात जायचे. पण ते शोधत हे मैलच्या मैल हिंडायचे आणि त्याला चालणं म्हणायचे नाहीत. आजारपणानंतर मात्र मैदानाचं नाव काढू देईनात. "तिथे जो तो विचारणार, आता कसं वाटतंय? मला नाही ऐकायचं ते."

मग मी जागा बदलायची ठरवली. गोल्फ कुणाला ठाऊक नाही आणि मोकळी जमीन भरपूर आहे असं ठिकाण म्हणजे माझं माहेर, आसेगाव. फाल्गुनात हरभरा निघालेला असतो. दादाचं शेत घरामागून सुरू होतं ते थेट नाल्यापर्यंत. औषधं एका पिशवीत, कपडे ट्रंकेत आणि काठ्या वळकटीत बांधून आम्ही निघालो.

कारंज्याच्या स्टँडवर कंडक्टरनं वळकटीतून बाहेर आलेली टोकं पाहिली. "बाई, हे काय होय? तंबू ठोकता काय कुठं?"

"खेळायच्या काठ्या आहेत."

"कोन खेळते?" त्यानं ह्यांच्या मफलरकडे पाहिलं. "हे?"

हे खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, झालं, आता मंगरूळपीरहून परत चला म्हणतात की काय.

आसेगावला पोचलो त्याच रात्री अवकाळी सुरू झाला, गारांसकट. दोन रात्री नुसता कोसळत होता. दादानं गव्हाच्या पेंढ्या ताडपत्रीखाली घातल्या होत्या म्हणून बचावल्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. हे दारात उभं राहून शेताकडे बघत मला म्हणाले, "बघ, काय चिखल झालाय." आवाजात मला चक्क समाधान ऐकू आलं.

दादा गोठ्यातून येत होता. तो म्हणाला, "जवाईबापू, चिखल काय तुमच्यासाठीच आला काय? आमी सकायपासून त्याच्यातच फिरून राह्यलो. चला, दाखवा तुमचा खेळ. नाईतर बहिणीनं ते ओझं आणलं कायले?"

मेहुण्यासमोर माघार कशी घेणार? हे निघाले. मागून मी, थर्मास आणि गोळ्यांची पिशवी घेऊन.

काळ्या मातीतला चिखल ज्यांनी तुडवला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दहा पावलांत प्रत्येक बुटाखाली एक वीट तयार होते. काडीनं खरवडून काढावी, तर पुढच्या दहा पावलांत दुसरी. ह्यांनी पहिला चेंडू मारला. तो थोडा उडाला आणि जिथे पडला तिथेच मातीत रुतून बसला. ह्यांनी तो उकरून काढला, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसला आणि शेजारी बऱ्या जागी ठेवला. चिखल असला की असं करायची मुभा असते, हे दादाला समजावून सांगितलं.

"म्हंजे उचलता येते, पुसता येते, अन् दुसरीकडं ठेवताबी येते?" दादानं विचारलं. "मंग त्या नाल्यापाशीच नेऊन ठेवा ना. मारता कायले?"

"तसं नाही हो, जवळच ठेवायचा असतो."

"कोन पाह्यते इथं?"

"मी पाहतो ना," हे म्हणाले.

दोन शेतं झाली. दर फटक्यानंतर हे थांबायचे, बोट मनगटावर जायचं. मी लगेच थर्मासचं झाकण उघडायची. दादा बांधावर बसून वाट बघायचा.

नाल्याच्या अलीकडे उंचवट्यावर दादाचं खळं होतं, मळणीसाठी चोपून, शेणानं सारवून केलेली गोल सपाट जागा, मधोमध बैल फिरवायचा खांब. पावसानं ते सगळं धुऊन गेलं होतं, म्हणून वहिनीनं पहाटेपासून खपून ते पुन्हा सारवून काढलं होतं. ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ह्यांना लांबून दिसली गुळगुळीत हिरवट गोल जागा आणि तिच्या मध्ये रोवलेला खांब. माणूस उभ्या जागी खुलला. "अगं, हे तर ग्रीनच आहे!" गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या गुळगुळीत हिरवळीवरच्या भोकात घालायचा आणि जिच्यावर खुणेची काठी रोवलेली असते, तिला ग्रीन म्हणतात.

मी काही बोलायच्या आत काठी फिरली. आजारपणानंतरचा पहिला नीट बसलेला फटका. चेंडू उंच गेला आणि खांबापासून हातभर अंतरावर ओल्या सारवणात पचकन बसला. हे जवळजवळ पळतच निघाले. खांबाशी जाऊन वाकून अंतर बघत उभे राहिले. मागे खळ्यावर चिखलाच्या बुटांची अख्खी रांग उमटली होती.

"ओ जवाईबापू!" शेणाची टोपली तिथेच टाकून वहिनी आली. "डोये हायेत का नाई? खयं हाय ते! जोडे घालून चढता खयावर? उद्या-परवा गहू पडते तिथं, खायचा गहू!"

जावयाला असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. दादाही बांधावरून उठून उभा राहिला. हे जागच्या जागी थिजले. मग एका पायावर उभे राहून बूट काढू लागले, त्यात तोल गेला आणि आणखी एक पाय सारवणात रुतला.

"आता हालू नोका! हाला तितकं खराब करता. या इकडं, अन् हे खड्डे भरून द्या मले." वहिनीनं मातीचं घमेलं पुढे सरकवलं. "मी सकायपासून कंबर मोडून सारवून राह्यली."

"वहिनी, त्यांना नको," मी म्हणाले. "मी देते भरून. त्यांना ओझं चालत नाही."

"डॉक्टरनं नाई म्हटलं का?"

नाही म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी उलट सांगितलं होतं, बसू नका, हातपाय हलवा. पण ते घमेलं बघून माझ्याच छातीत धडधडायला लागलं होतं.

"बाई, तुमी मधात पडू नोका," वहिनी म्हणाली. "ज्यानं खराब केलं तो निस्तरते."

दिवाळीपासून ह्यांच्याशी कुणी वरच्या पट्टीत बोललं नव्हतं. सगळे हळू बोलायचे, दार हळू लावायचे, मी तर सगळ्यात हळू. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घमेलं उचललं. अर्धंच भरलेलं होतं. वहिनीनं मुद्दाम अर्धं भरलं होतं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

हे माती आणत होते, पाणी आणत होते, वहिनी दाखवेल तिथे अनवाणी पायांनी तुडवत होते. "असं नाई, टाच दाबून," ती म्हणायची. "हिशेब करून पाय टाकता काय?" मी बांधावर बसले होते. तोंडातून शब्द निघू नये म्हणून पदर दातात धरला होता. हे मध्ये दोनदा थांबले, दम खाल्ला आणि पुन्हा लागले. मनगट धरलं का ते मी पाहत होते. हात कोपरापर्यंत शेणानं माखले होते.

जेवायला बसलो तेव्हा तिसरी भाकरी ह्यांनी मागून घेतली.

गहू वाळायला आणखी दोन दिवस लागणार होते. तेवढ्यापुरती वहिनीनं खळ्यावर खेळायची परवानगी दिली, अट एकच, अनवाणी. संध्याकाळी गावातली चार माणसं बघायला जमायची. चेंडू खांबाला लागला की दादा ओरडायचा, "लागला, लागला!" तसं खांबाला लागणं ह्या खेळात काही मोठं नाही, हे सांगायचं ह्यांनी सोडून दिलं. वहिनीनंही एकदा काठी हातात घेतली आणि चेंडू थेट खळ्याशेजारच्या हौदात घातला. "तुमा बायकांचं कामच असं," दादा म्हणाला, "गेलं पाण्यात!" ती काठी उगारून त्याच्या मागे धावली.

शेवटच्या दिवशी खळ्यावर गहू आला, म्हणून हे दादाबरोबर नाल्यापलीकडे खेळायला गेले. मी निघाले तर वहिनीनं माझ्या पुढ्यात शेवयांचं पीठ ठेवलं. "इतक्या शेवया मी एकटी करू काय?" नाल्यापलीकडचं घरातून दिसत नाही. मी शेवया वळत होते आणि त्या जाड होत होत्या. वहिनी त्या मोडून पुन्हा माझ्याकडे द्यायची. ऊन कलल्यावर हे आले ते चेंडू हरवला म्हणून वैतागलेले, आणि भूक लागली म्हणून आणखी वैतागलेले.

दुसऱ्या दिवशी निघालो. बस आली ती खचाखच भरलेली. कंडक्टर म्हणाला, "सामान वरते टाका." दादानं ट्रंक उचलली, पण तोवर ह्यांनी वळकटी खांद्यावर घेऊन मागच्या शिडीवर पाय ठेवला होता. एक पायरी, दुसरी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वर टपावर जाऊन हे वाकले, दादाकडून ट्रंक घेतली, वळकटीशेजारी सरकवली आणि खाली बघत ओरडले, "अगं, नुसती बघत काय राहिलीस? दोर दे!"

मी दोर वर फेकला. पहिल्यांदा तो त्यांच्या हातापर्यंत पोचलाच नाही, म्हणून पुन्हा फेकला.